रोड बाइकचा टायर किती रुंद? आधी मोजा, मग मागवा

थंडी सुरू झाली की आमच्या परभणीतल्या सकाळच्या सायकल ग्रुपमधले दोन-तीन जण टायर बदलतात, आणि त्यातला एक जण हमखास नवा टायर परत पाठवायच्या खटपटीला लागतो. कुणाचा फ्रेमला घासतो, कुणाचा ब्रेकमधून जातच नाही. कुणी ३२ मिमी रुंदीचा टायर घेतो, त्यात पूर्वीसारखीच शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासतो आणि वर म्हणतो, ‘काही फरक पडला नाही बुवा.’ टायर चांगलेच असतात. चुकतो तो क्रम. आधी रुंदी ठरवायची आणि मग सायकलीकडे बघायचं, असं चाललेलं असतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी फ्रेममध्ये मोकळेपणाने मावेल तो सगळ्यात रुंद टायर घ्यावा, साधारण ३२ मिमीपर्यंत. २८ला पहिली पसंती, ३२ मावत असेल तर उत्तमच. २५ फक्त नाइलाज म्हणून. २३चा विचार सोडून द्या. पण ‘मोकळेपणाने मावेल’ या दोन शब्दांतच सगळी मेख आहे, म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका.

तयारी

व्हर्निअर कॅलिपर, एलेन कीचा संच, गेज असलेला फ्लोअर पंप, दोन टायर लिव्हर, वही-पेन आणि थोडा कापूस. कापूस कशाला, ते पुढे येईल. कॅलिपर विकत घ्यायलाच हवा असं नाही. गावात लेथवाला असतोच, चाक घेऊन गेलात तर दोन मिनिटांत माप देतो. मात्र पंपाला गेज हवंच. अंगठ्याने दाबून हवा ओळखणारे मोटारसायकलपुरते ठीक आहेत. ६५ आणि ८५ पीएसआयमधला फरक अंगठ्याला कळत नाही.

टप्पा १ : टायरवरचे आकडे वाचा

जुन्या टायरच्या बाजूवर आकार दोन पद्धतींनी लिहिलेला असतो. एक ७००×२५सी असा आणि दुसरा बारीक अक्षरांत २५-६२२ असा. भरवसा दुसऱ्यावर ठेवा. त्यातला २५ म्हणजे टायरची नाममात्र रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. या कडेला बीड म्हणतात. आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी तिचा काही संबंध नाही, पण ‘बीड सुटला’ असं कुणी म्हणालं की आमच्याकडे एक जण हसतोच.

गोंधळ इथूनच सुरू होतो. ७००सीला दुकानात बऱ्याचदा ‘२८ इंची’ म्हणतात. आजोबांच्या दांडीच्या सायकलचा दीड इंची टायरही २८ इंचीच, पण त्याचा व्यास ६३५ मिमी. एका दुकानातून मला असाच टायर हातात दिला गेला होता, ‘एकच असतं सर’ म्हणून. तेरा मिलिमीटरचा फरक आहे. रिमवर तो अंगठी सैल झाल्यासारखा फिरतो. जुन्या एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, २६ इंची चाक ५५९चं आणि ६५०बी हे ५८४चं, तेही चालत नाहीत. २९ इंची एमटीबीची रिम मात्र ६२२चीच असते, पण तिची ट्यूब रोडच्या टायरमध्ये कोंबू नका. घडी पडते आणि त्याच घडीवर ती फाटते.

तपासा : वहीत ६२२ लिहिलं का? दुसरा आकडा असेल तर इथेच थांबा; त्याच आकड्याचा टायर शोधा.

टप्पा २ : रिमची आतली रुंदी

एका बाजूची टायरची कड काढा आणि रिमच्या दोन भिंतींमधलं आतलं अंतर मोजा. बाहेरचं माप इथे उपयोगाचं नाही. पुष्कळ रिमवर ६२२×१७सी किंवा ६२२×१९सी असं छापलेलं असतं. त्यातला १७ किंवा १९ हीच आतली रुंदी.

आतली रुंदी १३ ते १५ असेल, म्हणजे जुनी अरुंद रिम, तर २५ बरा बसतो. १५वर २८ही बसतो, पण फुग्यासारखा वरून फुगीर दिसतो आणि हवा कमी असली की वळणावर डुलतो. १७च्या रिमवर २५ ते ३२ आरामात बसतात. १९वर २८ ते ३५. २१ किंवा २३ असेल तर २८च्या खाली जाऊ नका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. टायरवर लिहिलेली रुंदी आणि रिमवर बसल्यानंतरची रुंदी एकच असेल असं नाही. रिम आतून एक मिलिमीटर रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी रुंद होतो. हल्लीचे २८चे टायर बहुधा १९च्या रिमवर २८ भरतील असे बनवलेले असतात. तोच टायर २३च्या रिमवर जवळपास २९.५ मिमी होतो. म्हणून ‘मित्राच्या सायकलला ३०चा बसला’ या वाक्याला किंमत नाही. मित्राची रिम कितीची होती ते विचारा.

इशारा : रिमच्या भिंतीला आत वळलेला हुक नसेल, म्हणजे ती हुकलेस असेल, तर त्यावर फक्त हुकलेस चालतो असं स्पष्ट लिहिलेला ट्यूबलेस टायरच लावायचा आणि हवा ५ बारच्या, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या, वर कधीही न्यायची नाही. साधा टायर अशा रिमवरून धावत्या चाकातून निसटू शकतो. २५ मिमी आतली रुंदी असलेल्या हुकलेस रिमला टायर किमान २९चा लागतो.

टप्पा ३ : जागा मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाकीचे टप्पे चुकले तर पैसे जातील, हा चुकला तर फ्रेम जाईल.

जुना टायर नेहमीच्या हवेने भरा आणि कॅलिपरने त्याची खरी रुंदी मोजा. ती वहीत लिहा. मग एलेन की फटीत घालून जागा तपासा. एलेन की म्हणजे फट मोजायचं घरचं फीलर गेजच आहे : ४ची की ४ मिमी, ५ची ५ मिमी, ६ची ६ मिमी. सपाट बाजू फटीत घाला आणि चाक हळूच फिरवा. न घासता फिरलं तर तेवढी जागा आहे.

मोजायच्या जागा अशा :

१. मागच्या चेनस्टेमध्ये, म्हणजे पेडलच्या एक्सलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांमध्ये. नव्वद टक्के वेळा अडतं ते इथेच. दोन्ही बाजूंना मोजा, चाक मधोमध असेल असं गृहीत धरू नका.
२. चाक आणि सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची उभी नळी, यांच्यामध्ये. पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) असेल तर त्याच्या क्लॅम्पपाशीही.
३. वरच्या सीटस्टेमध्ये, म्हणजे सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या दोन नळ्यांमध्ये, आणि ब्रेक जिथे बसतो त्या आडव्या पुलाखाली.
४. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन्ही बाजूंना.
५. फोर्कच्या माथ्याखाली.
६. रिमला चिमटणारा रिम ब्रेक असेल तर त्या ब्रेकच्या कमानीखाली. फोर्कमध्ये भरपूर जागा असून ब्रेकच्या कमानीत टायर अडतो, असं पुष्कळदा होतं.

नवा टायर बसल्यावर प्रत्येक ठिकाणी किमान ४ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. आपल्याकडे मी ५ धरतो. कारण पुढे सांगतो.

हिशोब सोपा आहे. रुंदी जितकी वाढेल तिच्या निम्मी प्रत्येक बाजूला जाते, आणि उंची मात्र साधारण पूर्ण वाढते. समजा १९च्या रिमवर तुमचा २५चा टायर प्रत्यक्षात २६.५ मिमी भरला आणि चेनस्टेमध्ये प्रत्येक बाजूला ६ मिमी जागा निघाली. ३२चा घेतला तर रुंदी ५.५ने वाढेल, प्रत्येक बाजूची पावणेतीन मिमी जागा जाईल, आणि उरतील सव्वातीन. म्हणजे नाही. ३०चा घेतला तर उरतील सव्वाचार. चालेल, पण माथ्याखाली साडेतीन मिमी कमी होतील हे विसरू नका. तिथे मुळात सातच मिमी असतील तर ३०सुद्धा नको, २८ घ्या.

मी स्वतः हा हिशोब केला नव्हता. पहिल्यांदा ३२ लावले तेव्हा सायकल उलटी करून चाक फिरवलं, कुठे घासलं नाही, खूश झालो. पुढच्या रविवारी बीडहून मांजरसुंब्याच्या घाटात उभं राहून पेडल मारायला लागलो तर मागून खर्र खर्र. जोर लावला की चाक आणि फ्रेम दोन्ही किंचित वाकतात, आणि दोन मिलिमीटरची फट तिथेच संपते. घरी येईपर्यंत डाव्या चेनस्टेचा रंग उडून खालचा अॅल्युमिनियम चमकत होता. फ्रेम कार्बनची असती तर ते चमकणं फारच महागात पडलं असतं. घाटात एखादी तार तुटली तरी चाक वाकडं होतं. फट अरुंद असेल तर घरापर्यंत फिरतही नाही.

आता ५ मिमीचं कारण. आपली काळी माती. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की ट्रॅक्टरच्या चाकांतून शेतातला चिखल डांबरावर येतो. तो टायरला चिकटतो आणि फोर्कच्या माथ्याखाली, ब्रेकच्या कमानीत थापला जातो. ४ मिमीची फट शंभर मीटरमध्ये बुजते. पाणंदीत शिरलात तर ५ही पुरणार नाहीत. तिथे कुठल्याच रुंदीचा टायर कामाचा नाही, सायकल खांद्यावर घ्या. पावसाळ्यात मडगार्ड लावणार असाल तर त्यासाठी वेगळी जागा लागते, म्हणजे सहसा टायर एक नंबर खाली.

तपासा : सहाही ठिकाणचे आकडे वहीत आहेत का? सगळ्यात लहान आकडाच तुमची मर्यादा. सरासरी काढू नका.

टप्पा ४ : रस्ता आणि वजन खरं लिहा

गेल्या दोन महिन्यांतल्या राइड आठवा. मनातल्या नव्हे, झालेल्या. बहुतेकांचं असं निघतं : थोडा चौपदरी हायवे, बाकी जिल्हा मार्ग, त्यात खडी उघडी पडलेलं डांबर, सिमेंटच्या रस्त्याचे दर काही मीटरवरचे सांधे, गावापाशी एकापाठोपाठ एक गतिरोधक, आणि ट्रकने हॉर्न दिला की मुरमाच्या साइडपट्टीवर उतरणं. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेली कांडकी, सुगीत रस्त्यावर पसरलेलं सोयाबीन. असल्या रस्त्यावर अरुंद, कडक टायर वेगाने पळत नाही, उडतो. प्रत्येक धक्क्याला तुमची थोडी ताकद सायकल वर उचलण्यात जाते.

२०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची असेल तर साडेतेरा तास मिळतात. त्यातले शेवटचे चार तास हातांचे तळवे आणि कंबर यांचे असतात. तिथे २५ आणि ३२ यांच्यातला फरक चांगलाच जाणवतो.

वजन लिहिताना स्वतःचं, सायकलीचं, पाण्याच्या बाटल्यांचं आणि पिशवीचं धरा. एकूण ९५ किलोच्या वर जात असेल आणि रिम हुकलेस असेल तर २८चा टायर ७२.५च्या मर्यादेत तुम्हाला पेलायला कमी पडू शकतो. ३२कडे जा.

काटे मात्र रुंदीने टळत नाहीत. सराटा आणि वेडी बाभूळ २५मध्येही घुसतात आणि ३२मध्येही. त्यासाठी टायरच्या आत पंक्चररोधक पट्टा आहे का, ते पाहायचं. तो असलेला टायर जड असतो आणि जरा मंद पळतो. पावसाळा संपून साइडपट्टीवरचे सराटे वाळले की मला तो सौदा आनंदाने मान्य असतो.

टप्पा ५ : निवड

आता तीन आकडे समोर आहेत : रिम काय म्हणते, फ्रेम काय म्हणते, रस्ता काय मागतो. फ्रेमचं म्हणणं अंतिम.

डिस्क ब्रेकची हल्लीची सायकल आणि जागा पुरेशी असेल तर दोन्हीकडे ३२. रिम ब्रेकची असेल तर बहुधा २८वर अडाल, आणि त्यात वाईट काही नाही. जुनी रेसिंग फ्रेम मागे २५च घेत असेल, पण पुढच्या फोर्कमध्ये २८ मावत असेल, तर पुढे २८ आणि मागे २५ लावा. लोकांना हे विचित्र वाटतं. पण हातांना आराम आणि वळणावर पकड पुढच्या चाकातूनच येते. उलटं, पुढे २५ आणि मागे २८, फारसं लावू नका.

‘रुंद म्हणजे हळू’ ही भीती सोडा. एकाच हवेला रुंद टायर कमीच अडतो, कारण त्याचा जमिनीवरचा ठसा आखूड आणि रुंद होतो. हवा कमी केल्यावर हा फायदा जवळपास फिटतो, पण खडबडीत रस्त्यावरचं उडणं वाचतं. ताशी ४० किमीने टाइम ट्रायल मारणाऱ्यांसाठी वाऱ्याचं गणित वेगळं आहे. ते लोक हा लेख वाचत नसतील.

टायरवरच्या नक्षीचा फार विचार नको. डांबरावर गुळगुळीत टायर पावसातही चांगला धरतो. अशा अरुंद टायरखाली पाण्याचा थर टिकतच नाही.

टप्पा ६ : ट्यूब आणि बसवणं

ट्यूबच्या खोक्यावर आकाराची रेंज असते. १८-२५ लिहिलेली ट्यूब ३२च्या टायरमध्ये ताणून पातळ होते. २५-३२ची घ्या. व्हॉल्व्हही बघा : रोडच्या रिमचं भोक बारीक असतं, त्यात प्रेस्टा व्हॉल्व्हच जातो. पंक्चरवाल्याकडे हवा भरता यावी म्हणून पितळी अॅडॅप्टर खिशात ठेवा.

बसवण्याआधी कापसाचा बोळा घेऊन जुन्या टायरच्या आतून संपूर्ण गोल फिरवा, नवा टायर दुसऱ्या हातचा असेल तर त्याच्याही. काट्याचं टोक बोटाला सापडत नाही, कापसाचे तंतू मात्र त्यात अडकतात. आपल्याकडे कापसाची काय कमी! रिम टेप सरकलेला नाही ना, तारांची भोकं झाकली आहेत ना, हेही याच वेळी पाहा.

एक कड बसवा. ट्यूबमध्ये फुंकरभर हवा भरून ती आत ठेवा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. लिव्हरऐवजी अंगठे वापरा. लिव्हरने ट्यूब चिमटली गेली तर नवं पंक्चर तुमच्याच हाताने.

तपासा : व्हॉल्व्ह सरळ आहे का? दोन्ही बाजूंना टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का? एका जागी आत गेली असेल तर हवा सोडा, तिथे हाताने दाबा, पुन्हा भरा.

टप्पा ७ : हवा

रुंदी बदलली आणि हवा तीच ठेवली तर टायर बदलायचा खर्च वाया गेला. पंक्चरवाले मामा प्रेमाने विचारतात, ‘टन्न भरू का?’ टन्न नको. टायरवर लिहिलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

सायकलीसह एकूण ८५ किलो वजन आणि आपले खडबडीत रस्ते धरून ट्यूबच्या टायरसाठी इथून सुरुवात करा : २५ला पुढे ७८ आणि मागे ८५ पीएसआय, २८ला ६५ आणि ७२, ३२ला ५२ आणि ५८. मागच्या चाकावर वजन जास्त असतं म्हणून मागे जास्त. दर पाच किलो वजनामागे साधारण तीन-चार पीएसआय वाढवा किंवा कमी करा.

मग ओळखीचा पाच किमीचा तुकडा निवडा. तोच तुकडा, दर वेळी तीन-तीन पीएसआय कमी करून. वळणावर टायर डुलायला लागला, किंवा खड्ड्यात रिम टेकल्याचा ‘टक्’ आवाज आला, की पाच पीएसआय परत चढवा आणि तो आकडा वहीत लिहा. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर काटा नाही, हवा कमी होती म्हणून रिमने ट्यूब चिमटली आहे.

इशारा : उन्हाळ्यात पहाटे २५ अंशाला भरलेले ८० पीएसआय दुपारी ४२ अंशाला ८५च्या पुढे जातात. साध्या टायरला हे सहन होतं. हुकलेसवाल्यांनी मात्र पहाटे ७२ भरून उन्हात निघू नये, ६५च्या आसपास थांबावं. सायकल उन्हात उभी करून चहाला बसू नका. ट्यूबलेसचा सीलंट, म्हणजे आतून भोकं बुजवणारा द्रव, हाही आपल्या मे महिन्यात लवकर वाळतो. दोन महिन्यांनी उघडून बघा.

टप्पा ८ : पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर

नवा टायर हवेने भरून एक रात्र गेली आणि काही राइड झाल्या की थोडा ताणून रुंद होतो. पुन्हा कॅलिपर लावा, पुन्हा तीच ४ची एलेन की सहाही ठिकाणी घाला. आता अडकत असेल तर टायर एक नंबर मोठा झाला आहे. ‘अजून घासत नाही ना’ म्हणून चालवू नका.

हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का तेही एकदा रिकाम्या मैदानात बघून घ्या. रुंद टायरने चाक मोठं होतं, आणि लहान फ्रेमवर पूर्वी न लागणारा पाय आता लागू शकतो. तारेचा सायकलमीटर असेल तर चाकाचा घेर बदला : २५ला २१०५, २८ला २१३६, ३२ला २१५५ मिमी. तसाच ठेवला तर शंभर किमीमागे दोनेक किलोमीटर कमी दिसतील, आणि ग्रुपमध्ये त्यावरून वाद होईल.